बेशरमाच्या कुंपणावर वाकाटक

"मॅडम, रातच्या नाटकात राजानं एकट्यानं किती लोक पाडले वो? मी तं मोजता मोजता झोपली."

पलीकडच्या मामी सुपात वालाच्या शेंगा घेऊन कुंपणाशी आल्या की आमच्या दोन्ही घरांचा दिवस खरा सुरू होतो. कुंपण कसलं, बेशरमाच्या काड्या रोवलेल्या. माणूस सोडून सगळं आरपार जातं, कोंबड्या, फोडणीचा वास आणि बातम्या. दिवाळी झाली की आमच्या आमगावच्या बाजूला मंडयांचा हंगाम. धानाच्या कडपा बांधीत वाळत पडलेल्या, मजूर मिळत नाही म्हणून घरोघरी चिडचिड, आणि तरी रात्री नाटकाचा मांडव गच्च. कालचं नाटक ऐतिहासिक होतं, म्हणजे पत्र्याच्या तलवारी आणि दर दहा मिनिटांनी लढाई.

"चार-पाचच जण होते, मामी. पडायचे, विंगेत जाऊन फेटा बदलायचे आणि परत मरायला यायचे."

"मंग पुस्तकात बी तसंच असन. लाख लाख मेले म्हनते. मोजले कोनं?"

मामी सातवीपर्यंत शिकल्यात. पण जुन्या युद्धांवर लिहिणारी आजची विद्वान मंडळी कागद हातात घेतल्यावर आधी हेच विचारतात. मी त्यांना अशोकाचं उदाहरण दिलं. कलिंगच्या युद्धात दीड लाख माणसं धरून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कित्येक पट मागाहून मेली, असं त्याच्या तेराव्या शिलालेखात आहे. आकडे असे गरगरीत गोल, की कोणी कारकून रणांगणावर वही घेऊन फिरला असेल असं वाटत नाही. "फार माणसं मेली" एवढाच त्यांचा अर्थ घ्यायचा. पण खरी गंमत पुढे आहे. हा पश्चात्तापाचा लेख पार पेशावरकडच्या शाहबाजगढीपर्यंत कोरलाय, खुद्द कलिंगात मात्र नाही. ओडिशात धौली आणि जौगडला अशोकाचे लेख आहेत, तिथं तेरावा वगळून दोन वेगळेच लेख घातलेत. प्रजेला लेकरांसारखं वागवा, असं अधिकाऱ्यांना बजावणारे.

"हुशार होता," मामी शेंगेचा दोरा ओढत म्हणाल्या. "माफी मांगली, पन दुसऱ्याच्या गावात."

इतक्यात ओट्यावरून मामाजी बोलले. मामाजी पेपर वाचत असतात तेव्हा त्यांना ऐकू येत नाही, असा मामींचा समज आहे. "आमच्या राजानं असं काई केलं नाई. माफी मांगाची पाळीच नाई आली."

आमचा राजा म्हणजे राजा भोज. मामाजी पोवार. वसंत पंचमीला राजा भोज जयंतीच्या मिरवणुकीत ते पुढे असतात आणि "आमी धारचे" हे वाक्य त्यांच्या तोंडून दिवसातून एकदा तरी निघतं. आता धारचं म्हटल्यावर मला राहवेना. विदिशेजवळ उदयपूरच्या देवळात भोजाच्या परमार घराण्याची एक प्रशस्ती आहे. तीत भोजाने चेदीचा राजा हरवला, गुजरातचा भीम हरवला, लाट, कर्णाट, तुरुष्क सगळे हरवले आणि कैलासापासून मलय पर्वतापर्यंतची पृथ्वी भोगली. मामाजींनी पेपरची घडी केली.

"पण तिकडे दक्षिणेत चालुक्यांचे लेख आहेत," मी म्हटलं. "त्यांत सोमेश्वराने धारानगरी घेतली, जाळली, आणि भोजाला गाव सोडून जावं लागलं असं आहे. बिल्हण कवीनेही तेच लिहिलंय."

"थे दुश्मन आहेत. थे तसंच लिहतीन."

"आणि उदयपूरचा लेख कोणी लिहिला?"

मामाजींनी पेपर पुन्हा उघडला. मला वाईट वाटलं, म्हणून मी त्यांना नागपूरच्या अजबबंगल्यातली, म्हणजे संग्रहालयातली शिळा सांगितली. परमारांचीच, 1104-05 ची. तीत भोजानंतरच्या लक्ष्मदेवाचा दिग्विजय आहे. तो गौडदेशात जातो, अंग, कलिंग करतो, चोळांपर्यंत उतरतो, लंकेच्या रोखाने जातो आणि शेवटी वंक्षू नदीच्या काठी त्याचे घोडे केशराच्या शेतात लोळतात. वंक्षू म्हणजे आमूदर्या, अफगाणिस्तानच्या उत्तरेला. धारच्या राजाने एवढी मजल मारली यावर आज कोणी इतिहासकार विश्वास ठेवत नाही. कारण कालिदासाच्या रघुवंशात रघूसुद्धा असाच चारी दिशा फिरतो आणि त्याचेही घोडे उत्तरेला नदीकाठी केशरातच लोळतात. चांगल्या राजाने काय काय जिंकायचं याची यादी कवींकडे तयार होती. राजा बदलला की नाव बदलायचं.

म्हणून तो दगड फेकायचा का? मुळीच नाही. लढाई झाली का, हे तो सांगत नाही, पण राजाला काय म्हणवून घ्यायला आवडत होतं ते अगदी नेमकं सांगतो. आणि यादीच्या बाहेरचं काही दिसलं की इतिहासकाराचे कान उभे राहतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या डोंगरगावला 1112 चा लेख आहे, परमार जगद्देवाच्या काळचा. तिथं आमूदर्या नाही, लंका नाही, एका गावाच्या दानाची साधी नोंद आहे. परमारांचा पाय विदर्भात खरंच पडला होता, हे त्या साध्या नोंदीवरून पक्कं होतं.

"म्हंजे आले होतेच ना इकडं!" मामाजी.

"आले होते. पण तुमच्या पणजोबांच्या पणजोबांना घेऊन आले होते, असं त्यात लिहिलेलं नाही."

मामींना मात्र सगळं एका झटक्यात कळलं. "नळावरचं भांडन आठवते का वो मॅडम, मागच्या गल्लीतलं? एक मले येऊन सांगे, मी तिचं तोंडच बंद केलं. दुसरी सांगे, मी तिले रडवून सोडली. दोघीइचं आयकलं, तवा एवढं समजलं का भांडन झालं होतं. अन् घागर फुटली होती, थे मी डोळ्यानं पायली."

ती घागर म्हणजे डोंगरगावचा लेख. मी हे बोलले नाही, कारण तेवढ्यात तिसऱ्या बाजूने भाऊजी आले. भाऊजी फॉरेस्टातून रिटायर झालेले, सालेकशाकडचे, गोंड. त्यांना कोणतीही चर्चा आपल्या गावावर आणायची सवय आहे आणि या वेळी ती अगदी जागेवर पडली.

"धार-बीर सोडा. आपल्या पदमपूरची लढाई सांगा ना. तिथं राजधानी होती म्हनते खरं का?"

पदमपूर आमगावहून हाकेच्या अंतरावर. आमगावात भवभूतीच्या नावाचं कॉलेज आहे, कारण भवभूतीने स्वतःचं गाव पद्मपूर सांगितलंय आणि ते हेच, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचं मत. सगळ्यांना ते मान्य नाही, पण आमगावात त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. राजधानीची गोष्ट भवभूतीच्या आधीची, पाचव्या शतकातली, वाकाटकांची. ही गोष्ट मला फार आवडते, कारण त्यात एक अख्खं युद्ध आहे आणि त्या युद्धाचं वर्णन कुठेही नाही.

वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. राजा दुसऱ्या प्रवरसेनाने ती प्रवरपूरला नेली. हा प्रवरसेन स्वतः कवी. सेतुबंध हे रामाच्या लंकेवरच्या स्वारीचं प्राकृत महाकाव्य त्याच्या नावावर आहे. म्हणजे घरात युद्धाचं काव्य होतं. त्याचा मुलगा नरेंद्रसेन, नातू दुसरा पृथिवीषेण. यांच्या काळात काय घडलं?

पहिला पुरावा अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा. महानुभावांचं रिद्धपूर, तेच. तिथं एक ताम्रपट मिळाला. देणारा राजा भवत्तवर्मा, नल घराण्यातला. नलांचं राज्य बस्तर-कोरापुटकडचं. दान दिलंय प्रयागला, स्वतःला आणि राणीला पुण्य लाभावं म्हणून. त्यात लढाईचा एक शब्द नाही. पण ताम्रपट निघालाय नंदिवर्धनहून! बस्तरकडचा राजा वाकाटकांच्या नगरधनात बसून ताम्रपट काढतो, याचा अर्थ काय घ्यायचा?

"घरात घुसला," मामी म्हणाल्या.

दुसरा पुरावा बालाघाटचा, इथून रेल्वेने तासाभराचं अंतर. पृथिवीषेणाचे ताम्रपट तिथल्या जंगलात झाडाला टांगलेले सापडले, असं सांगतात. ही ओळ वाचली तेव्हा भाऊजींची आठवण झाली होती. हे पत्रे अपुरे आहेत. वंशावळ सगळी आहे, पण गाव कोणतं, ब्राह्मण कोण, काहीच कोरलेलं नाही. लिहिता लिहिता कोणी उठून गेल्यासारखं. त्यात पृथिवीषेणाचं एक विशेषण आहे, बुडालेला वंश वर काढणारा. आता वंश वर काढला असं म्हणायचं तर तो बुडाला होता हे कबूल करावं लागतं. प्रशस्तीत राजा हरत नसतो. इथं मात्र जिंकल्याची बढाई मारताना हरल्याची बातमी फुटली.

तिसरा पुरावा ओडिशातला, कोरापुटच्या बाजूच्या पोडागढचा. तिथं याच भवत्तवर्म्याचा मुलगा स्कंदवर्मा म्हणतो, गेलेली राज्यलक्ष्मी मी परत आणली आणि ओस पडलेली पुष्करी पुन्हा वसवली. पुष्करी ही नलांची राजधानी. ती ओस कोणी पाडली, ते तो सांगत नाही.

आणि चौथा पुरावा मोहल्याचा. पूर्वीच्या दुर्ग जिल्ह्यातलं, आता छत्तीसगडचं मोहला. तिथं मिळालेला वाकाटकांचा मजकूरही अर्धवटच. दान देणारा राजा कोण तेही त्यातून कळत नाही. पण कुठून, ते सुरुवातीलाच आहे. पद्मपूरहून.

मिराशींनी हे तुकडे जुळवले. नलांनी नंदिवर्धन घेतलं. वाकाटक पूर्वेला सरकले आणि पद्मपुराला राहिले. पुढे त्यांनी उलटा मार दिला आणि पुष्करी उजाड केली. मग नलांनी ती पुन्हा वसवली. नगरधन, आमगाव, बस्तर असा हा डाव. मिराशींचा वाकाटक लेखांचा ग्रंथ 1963 साली निघाला आणि आजही या विषयावर लिहिणाऱ्याला तो उघडावाच लागतो. काहींना त्यांची क्रमवारी पटत नाही, कोण आधी आणि कोण नंतर यावर घोळ आहे. पण लढाई कुठे झाली, हत्ती किती होते, कोण पडलं, यातलं काहीही ठाऊक नसताना लढाई झाली एवढं ठामपणे सांगता येतं, आणि ते कोणाच्याही बढाईवर विसंबून नाही.

"पन मॅडम," भाऊजी म्हणाले, "पदमपुरात जळकी माती-बिती सापडली तं पक्कं झालं असतं ना?"

इथं मला थोडं सांभाळून बोलावं लागलं. जळका थर दिसला की "शत्रू आला" म्हणायची जुन्या उत्खननकारांची खोड होती. मोहेंजोदडोला रस्त्यात आणि घरात काही सांगाडे मिळाले, तर मॉर्टिमर व्हीलरने थेट इंद्रालाच आरोपी केलं. पुढे 1964 मध्ये जॉर्ज डेल्सने दाखवलं की ते सांगाडे एका काळचे नाहीत आणि कत्तलीचा पुरावाही नाही. राख आगीची असते. आग शत्रूनेच लावली, की चुलीतून उडाली, हे राख सांगत नाही. आमच्याकडे तणसाची गंजी पेटते तेव्हा कोणता नल राजा येतो?

भाऊजींना हे फारसं रुचलं नाही. ते वेगळ्याच वाटेने आले. "ठीक आहे. ज्याईनं तांब्यावर लिहलं त्याईचं समजलं. आमच्या राजाईनं तं तांब्यावर लिहलंच नाई जास्त. कचारगडले या माघ पौर्णिमेला, लाखानं लोक येतात, सगळं तोंडपाठ. मंग आमचा इतिहास धरता का नाई?"

याला तोंडदेखलं उत्तर देता येत नाही. तोंडपाठ गाणं साल सांगत नाही, पण कोण कोणाच्या बाजूने होतं, कोणत्या घाटाने आलं, कोणत्या कुळाने कोणत्या देवाला काय वाहिलं, हे अनेकदा तेच टिकवतं. आता अभ्यासक ते टिपून घेतात, दगडाशी ताडून बघतात. आणि लिहिलेलं तरी कोणाचं वाचायला मिळतं? गढा-मंडल्याच्या राणी दुर्गावतीची 1564 ची लढाई आपण तपशिलाने जाणतो ती अबुल फजलच्या लिखाणातून. म्हणजे ज्या अकबराच्या सरदाराने तिचं राज्य घेतलं, त्याच अकबराच्या दरबारातला माणूस. तिच्या शौर्याची त्याने तोंड भरून स्तुती केली. स्तुती करायला त्याला कारणही होतं. शत्रू जेवढा मोठा, तेवढा विजय मोठा. पण त्याच अबुल फजलने आणखी एक गोष्ट लिहून ठेवलीय. सरदार आसफखानाला लुटीत हजार हत्ती मिळाले आणि त्याने बादशहाकडे पाठवले दोनशे.

"आठशे हत्ती दाबले?" मामींच्या हातातलं सूप खाली आलं. "हत्ती दाबता कसे येते वो?"

माझ्या मते युद्धाच्या इतिहासात असली ओळ शंभर तलवारींच्या वर्णनाहून मोलाची. तलवारी सगळ्यांच्या सारख्याच चमकतात. हिशेबात मात्र माणूस सापडतो.

हत्तींवरून विषय चाऱ्यावर गेला, तो मामींनीच नेला. "अन् मॅडम, इतके घोडे, हत्ती, बैल. खात का होते? कोन देत होता?"

हा प्रश्न आमच्या शाळेच्या पुस्तकात कधी नव्हता. तहाची कलमं पाठ, चारा कुठून आला त्याचा पत्ता नाही. आज सैन्याच्या पोटावर पानंच्या पानं लिहिली जातात. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायचं आणि पावसाच्या आत परतायचं, यात मुहूर्त कमी आणि शेती जास्त. पावसाळ्यात नद्या भरलेल्या, रस्ते चिखलाचे आणि शिपाई घरी रोवणीला. डर्क कोल्फ नावाच्या डच अभ्यासकाने 1990 च्या पुस्तकात हेच मांडलं की उत्तरेतले कितीतरी शिपाई मुळात शेतकरी होते. हंगाम संपला की हत्यार घेऊन चाकरीला निघायचे, आणि रजपूत म्हणवणं हेसुद्धा पुष्कळदा या चाकरीतून कमावलेलं असायचं. हे मामाजींना सांगताना मी आवाज जरा खाली आणला. पुरवठ्याचं काम बंजाऱ्यांचे तांडे करायचे, बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोण्या. त्यानेही पुरलं नाही, तर वाटेवरचं गाव होतंच.

"म्हंजे खळ्यावर धान आलं का सैन्य आलं," मामी म्हणाल्या. "बरं झालं, आता नुसता व्यापारी येते."

आमच्या या पट्ट्यातून सैन्यं खूप गेली. नागपूरकर भोसल्यांची फौज छत्तीसगडमार्गे ओडिशा-बंगालवर जायची. 1742 पासून भास्करराम कोल्हटकरांच्या स्वाऱ्या, 1744 ला अलिवर्दीखानाने त्यांना भेटीला बोलावून केलेला खून, आणि शेवटी 1751 चा तह. ओडिशा हातात आणि बंगालची चौथाई वर्षाला बारा लाख. आपल्याकडे हे अभिमानाने सांगतात. तिकडे कलकत्त्याच्या इंग्रजांनी आणि गावकऱ्यांनी भीतीने खंदक खणला, त्याला मराठा खंदकच म्हणतात. बंगाली आया आजही बारगीर येतील म्हणून पोरांना झोपवतात. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच काळात महाराष्ट्रपुराण लिहिलं. त्यात ब्राह्मण पोथ्या घेऊन पळतायत, सोनार तराजू घेऊन पळतायत, विणकर, कोळी, सगळे आपापलं काम डोक्यावर घेऊन निघालेत. आंद्रे विंकसारखे इतिहासकार म्हणतात, ही नुसती लूटमार नव्हती. महसुलातला वाटा पदरात पाडण्यासाठी ओढाताण आणि फोडाफोड करण्याची त्या काळची ती रीतच होती. असेल. पण तराजू घेऊन पळणाऱ्या सोनाराला ती रीत कोण समजावणार होतं?

"कटक!" मामाजी एकदम उठून कुंपणाशी आले. "ओडिशा म्हनलं का कटक आलंच ना? आमचे लोक होते त्यात. चिमणाजी भोसल्यासंगं. त्याच्याचसाठी तं जमिनी भेटल्या वैनगंगेच्या खोऱ्यात. इंग्रजाईच्या पुस्तकात आहे."

आहे खरं. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात पोवारांबद्दल अशी नोंद आहे. पण ही चिमणाजीची स्वारी भास्कररामांची नव्हे. ती 1779 ची. नाना फडणिसांनी इंग्रजांविरुद्ध पेशवे, निजाम, हैदर आणि नागपूरकर अशी मोट बांधली होती, आणि बंगालवर जायचं काम नागपूरकरांकडे आलं. पण नागपूरच्या मुधोजी भोसल्यांचं इंग्रजांच्या हेस्टिंग्जशी आतून बरं होतं. मुलगा चिमणाजी दसऱ्याला मोठी फौज घेऊन निघाला, रमतगमत पुढच्या उन्हाळ्यात कटकला पोचला आणि तिथं बसला. फौजेचा पगार थकला. हेस्टिंग्जने लाखो रुपये मोजले. फौज बंगालमध्ये न शिरता परत फिरली.

मी हे सगळं सांगून टाकलं. मामींनी आधी माझ्याकडे, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"म्हंजे कटकले गेले, बसून खाल्लं, अन् लढाई न करता वापस आले?"

"तसंच काहीसं."

"अन् तरी जमीन भेटली?"

मामाजींनी पेपर काखेत मारला. "भेटली ना? मंग! लढून भेटली असती तं काय जास्त भेटली असती?"